परदेशातले जेवण आणि बिल: ऑर्डर देण्याआधीची दोन मिनिटे

आपण लिहिले आहे की मे महिन्यात आपण उभयता, मुलगी, जावई आणि दोन नातवंडे असे सहाजण कोणत्याही सहल कंपनीविना रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि पॅरिस असा प्रवास करणार आहात, दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूर आणि बँकॉकचाही बेत आहे, आणि ओळखीच्या एका कुटुंबाला व्हेनिसमध्ये एका जेवणाचे अवाच्या सव्वा बिल भरावे लागल्याचे ऐकल्यापासून आपल्या मनात धास्ती बसली आहे. तर परदेशात रेस्टॉरंटमधली फसवणूक आणि जादा आकारणी नेमकी कशी टाळावी, असा आपला प्रश्न आहे. गेली चोवीस वर्षे मी मराठी मंडळींच्या युरोपातील आणि आग्नेय आशियातील सहली नेतो आहे आणि या काळात प्रवाशांनी संतापून, कधी डोळ्यांत पाणी आणून, माझ्या हातात ठेवलेली पुष्कळ बिले मी वाचली आहेत. त्यांच्या आधारे हे उत्तर लिहितो.

या बिलांचे माझ्या मनात तीन गठ्ठे झाले आहेत. सर्वांत मोठा गठ्ठा अशा बिलांचा, ज्यांत काहीही गैर नव्हते. त्या देशाचा रिवाज किंवा कायदा आपल्याला ठाऊक नव्हता, एवढेच. दुसरा गठ्ठा अशा बिलांचा, ज्यांत मेन्यूकार्डावर एखादी गोष्ट बारीक अक्षरांत लिहिलेली होती, ग्राहकाने विचारले नाही आणि वेटरने जाणूनबुजून सांगितले नाही. तिसरा, सर्वांत लहान गठ्ठा सरळसरळ लुबाडणुकीचा. तिन्हींवरचा उपाय वेगवेगळा आहे. पहिल्या प्रकारात भांडण करून आपण एका निर्दोष वेटरचा अपमान करतो आणि स्वतःची संध्याकाळ नासवतो. दुसऱ्या प्रकारात बिल आल्यानंतर फारसे काही हाती उरत नाही. म्हणून जे काही करायचे ते ऑर्डर देण्याआधीच्या दोन मिनिटांत करायचे, हे माझ्या उत्तराचे सार आहे. पुढचा सगळा तपशील त्या दोन मिनिटांत काय पाहावे आणि काय विचारावे याचाच आहे.

आपल्याकडे टेबलावर बसताच पाण्याचे ग्लास येतात, कांदा-लिंबू, चटणी, लोणचे येते आणि त्यांचे पैसे कोणी वेगळे लावत नाही. या सवयीमुळे टेबलावर न मागता आलेली वस्तू पाहुणचाराची असते असे आपले मन धरून चालते. युरोपात हा समज सोडावा लागतो. इटलीत बहुतेक रेस्टॉरंटांत 'कोपेर्तो' नावाची आकारणी असते. ताट-चमचे, टेबलावरचे कापड आणि पाव यांबद्दलची ही रक्कम माणशी घेतली जाते, साधारणपणे दीड ते तीन युरो, आणि तिचा उल्लेख मेन्यूकार्डाच्या तळाशी असतो. आपण सहाजण बसून तीन पिझ्झा वाटून खाल्ले तरी कोपेर्तो सहाजणांचा लागणार, म्हणजे तीन युरोच्या हिशेबाने अठरा युरो. मराठी कुटुंबे या एका ओळीवर जितकी भांडतात तितकी दुसऱ्या कशावरही भांडत नाहीत, आणि त्या भांडणात बहुधा बाजू रेस्टॉरंटची बरोबर असते. अपवाद रोमचा. रोम ज्या लात्सियो प्रदेशात आहे, तिथे २००६ सालच्या प्रादेशिक कायद्याने कोपेर्तो घेण्यास मनाई केली आहे. मात्र पावाचे पैसे स्वतंत्रपणे लावता येतात. त्यामुळे रोममध्ये बिलावर 'पाने', म्हणजे पाव, अशी ओळ दिसते. पाव नको असेल तर टोपली टेबलावर ठेवली जात असतानाच नम्रपणे परत करावी, आणि टोपलीतला एकही तुकडा मोडू नये.

पाण्याचेही तसेच. 'स्टिल की स्पार्कलिंग', म्हणजे साधे की बुडबुड्यांचे, असा प्रश्न वेटरने विचारला की त्याचा अर्थ बाटलीबंद पाणी येणार आणि त्याचे पैसे लागणार. इटलीत नळाचे पाणी देण्याचे बंधन रेस्टॉरंटवर नाही, म्हणून तिथे एक मोठी बाटली मागवून सहाजणांत वाटून घेणे रास्त होय. रोममध्ये रस्तोरस्ती 'नासोनी' नावाचे लोखंडी सार्वजनिक नळ आहेत, त्यांचे पाणी पिण्यास उत्तम असते. दिवसभराच्या बाटल्या तिथेच भराव्यात. फ्रान्सची गोष्ट वेगळी आहे. तिथे जेवणासोबत नळाचे पाणी आणि पाव यांचे पैसे लावता येत नाहीत, आणि २०२२ पासून तर पिण्याचे पाणी मोफत मागता येते हे ग्राहकाला दिसेल असे लिहिणेही रेस्टॉरंटवर बंधनकारक आहे. मात्र शब्द नेमका वापरावा लागतो. नुसते 'वॉटर' म्हटले तर बाटली येईल. 'उन् काराफ दो, सिल व्हू प्ले' म्हटले की काचेच्या सुरईतून नळाचे पाणी येईल आणि बिलात त्याची ओळ नसेल. हे वाक्य नातवंडांकडून पाठ करून घ्यावे. मुले ते मोठ्यांपेक्षा चांगले म्हणतात आणि वेटरही खुलतात.

फ्रान्सबद्दल आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. तिथे मेन्यूवरच्या किमतीत सेवाशुल्क धरलेलेच असते. १९८७ पासून तसा नियम आहे. पॅरिसच्या गर्दीच्या भागात काही वेटर परदेशी ग्राहकाला बिल देताना इंग्रजीत 'सर्व्हिस नॉट इन्क्लुडेड' असे म्हणतात, कधी बिलावर हाताने लिहूनही देतात. ते खरे नसते. जेवण आवडले तर दोन-चार युरो टेबलावर ठेवावेत, पण ती आपली खुशी. कार्डयंत्राच्या पडद्यावर पंधरा-वीस टक्क्यांचे पर्याय दिसले म्हणून त्यातला एक निवडलाच पाहिजे असे नाही. इटलीतही टीप देण्याची सक्ती नाही. बिलात 'सेर्वित्सियो' अशी ओळ असेल, तर सेवेचे पैसे त्यात गेलेलेच आहेत असे समजावे आणि वर काही ठेवू नये.

पुढेमागे पोर्तुगाल किंवा ग्रीसला गेलात तर तेथील कायदा ग्राहकाच्या बाजूने किती स्पष्ट आहे हे आपल्याला सुखावेल. लिस्बनमध्ये बसता क्षणी पाव, ऑलिव्ह आणि चीज यांच्या वाट्या येतात, त्याला 'कुव्हेर्त' म्हणतात. ग्राहकाने मागितले नसेल आणि त्याला हात लावला नसेल, तर त्याचे पैसे घेता येत नाहीत, आणि प्रत्येक रेस्टॉरंटला तक्रारवही ठेवावी लागते. ती वही नुसती मागितली तरी पुष्कळदा चुकीची ओळ बिलातून नाहीशी होते, हे मी स्वतः पाहिले आहे. ग्रीसमध्ये तर पावती मिळाली नाही तर ग्राहकाने पैसे देणे बंधनकारक नाही, अशी पाटीच रेस्टॉरंटांत लावलेली असते.

आता दुसऱ्या गठ्ठ्याकडे येतो, कारण खिशाला खरी चाट इथे बसते, आणि त्यातही सर्वांत मोठे कारण वजन हे आहे.

२००७ साली व्हेनिसजवळ माझ्या सहलीतल्या तीन कुटुंबांनी भाजलेला समुद्री मासा मागवला. मेन्यूवर त्याच्यासमोर ८ हा आकडा होता. वेटरने परातीत दोन ताजे मासे आणून दाखवले, सर्वांनी कौतुकाने माना डोलावल्या, मासे भट्टीवर गेले. बिल आले तेव्हा मासळीचेच १७६ युरो लागले होते. आठच्या आकड्यापुढे बारीक अक्षरांत 'एत्तो' असे लिहिलेले होते. एत्तो म्हणजे शंभर ग्रॅम. दोन मासे मिळून २.२ किलो, म्हणजे २२ एत्तो, गुणिले ८. आकडा चुकीचा नव्हता, छपाईही कायद्याला धरून होती. पण परात घेऊन आलेल्या माणसाला त्या चेहऱ्यांवरून स्पष्ट कळत होते की या मंडळींना वजनाचा हिशेब समजलेला नाही, आणि तरीही तो गप्प राहिला. मी त्या वेळी पलीकडच्या टेबलावर होतो; मी ते मेन्यूकार्ड आधी वाचायला हवे होते. त्या कुटुंबांपैकी एक गृहस्थ निवृत्त कारकून होते आणि त्यांनी त्या सहलीसाठी कित्येक वर्षे पैसे साठवले होते. त्यांचा तो चेहरा मी विसरलेलो नाही, आणि तेव्हापासून वजनावर विकल्या जाणाऱ्या पदार्थाची ऑर्डर माझ्या उपस्थितीत आकडा कागदावर आल्याशिवाय जात नाही.

गोव्यात समुद्रकिनाऱ्यावरच्या शॅकमध्ये बसलेल्या माणसाला हे खरे तर परके नाही. तिथे पापलेट किंवा खेकड्यापुढे किमतीऐवजी 'एपीएस', म्हणजे आकारानुसार, असे लिहिलेले असते आणि आपण 'दादा, हा केवढ्याला?' असे विचारल्याशिवाय मासा तव्यावर जाऊ देत नाही. इटलीत त्याच जागी 'एस. क्यू.', म्हणजे वजनानुसार, असते, स्पेनमध्ये 'एस/एम' म्हणजे बाजारभावानुसार, इंग्रजी मेन्यूवर 'मार्केट प्राइस'. गोव्यात जो प्रश्न आपण सहज विचारतो तो परदेशात भाषेच्या संकोचाने आणि आपण गरीब दिसू या भीतीने गिळून टाकतो. तो विचारावा. 'क्वान्तो पेझा?' म्हणजे वजन किती, आणि 'क्वान्तो कोस्ता?' म्हणजे किंमत किती; हे दोन प्रश्न इटलीभर पुरतात. उत्तर तोंडी घेऊ नये. खिशातून लहान वही आणि पेन काढून वेटरपुढे धरावे, आणि एकूण रक्कम त्याच्या हाताने लिहून घ्यावी. प्रामाणिक वेटर ती आनंदाने लिहितो. जो लिहायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून तो पदार्थ घेऊ नये.

ही काळजी इटलीपुरती नाही. २०२३ साली सिंगापूरमध्ये एका जपानी पर्यटक महिलेने खेकडा मागवला. दर शंभर ग्रॅमला २६.८ सिंगापूर डॉलर होता, शिजवला गेला तो सुमारे साडेतीन किलोचा अख्खा खेकडा, आणि त्या एका पदार्थाचे ९३८ डॉलर झाले. संपूर्ण खेकडा शिजवला जाणार हे आपल्याला सांगितले नव्हते असे तिचे म्हणणे होते, तर आपण सांगितले आणि दाखवलेही होते असे रेस्टॉरंटचे. पोलिसांना बोलवावे लागले. दर सांगणे आणि एकूण रक्कम सांगणे यांतले अंतर किती मोठे असू शकते ते या प्रकरणात दिसते. चीनमधल्या छिंगताओ शहरात २०१५ साली याहून वाईट घडले: मेन्यूवर कोळंबीपुढे ३८ युआन होते, ग्राहकाला ते एका थाळीचे वाटले, आणि खाऊन झाल्यावर ते एका कोळंबीचे असल्याचे सांगून १,५२० युआनचे बिल लावण्यात आले. प्रकरण देशभर गाजले आणि त्या रेस्टॉरंटला ९० हजार युआन दंड झाला. दर कशाचा आहे, थाळीचा, नगाचा, शंभर ग्रॅमचा की किलोचा, हा प्रश्न भाषा न येणाऱ्याला बोटाने मेन्यूवर दाखवूनही विचारता येतो.

आपण शाकाहारी आहात असे आपण लिहिले आहे, त्यामुळे मासळी-खेकड्यांचा हा धोका आपल्याला जवळजवळ नाही. तरी आपले जावई मांसाहार घेतात आणि फ्लॉरेन्सला जाणार आहेत, म्हणून सांगतो की तिथला प्रसिद्ध हाडासकटचा स्टेक किलोवर विकला जातो आणि तो एका माणसापुरता बहुधा मिळतच नाही. शाकाहाऱ्यांचा खर्च दुसऱ्या वाटेने वाढतो. मेन्यूत नसलेले काही बनवून मागितले, पास्त्यात भाज्या वाढवून मागितल्या, बाजूला कोशिंबीर मागितली, की प्रत्येकाची स्वतंत्र किंमत लागते; भाजीची बाजूची थाळी, 'कोन्तोर्नो', ही इटलीत मुख्य पदार्थासोबत येत नाही, ती वेगळी मागवायची आणि वेगळी मोजायची असते. 'हे शाकाहारी करून द्याल का' या प्रश्नानंतर लगेच 'त्याचे किती होतील' हा प्रश्न जोडावा. वाटून खाण्याचेही पैसे लागू शकतात: २०२३ साली इटलीतल्या कोमो सरोवराकाठच्या एका कॅफेने सँडविचचे दोन तुकडे करून देण्याबद्दल २ युरो लावले आणि त्याची चर्चा जगभर झाली. रिकामी ताटली मागण्यापूर्वी विचारून घ्यावे.

तोंडी सांगितले जाणारे 'आजचे खास पदार्थ' हाही एक कमकुवत दुवा आहे. ते छापील कार्डावर नसतात, म्हणून त्यांची किंमतही नसते, आणि संकोची ग्राहक ती विचारत नाही. जेवणाच्या शेवटी आपणहून समोर ठेवल्या जाणाऱ्या लिमोन्चेल्लोच्या, म्हणजे लिंबाच्या गोड मद्याच्या, छोट्या पेल्यांबाबतही 'हे तुमच्याकडून भेट का?' असे हसून विचारून घ्यावे. पुष्कळ ठिकाणी ते खरोखरच मालकाच्या प्रेमाचे असतात. मुलांनी कोला मागितला तर आकार सांगावा. 'लहान' हा शब्द न उच्चारल्यास गर्दीच्या चौकांमध्ये मोठ्यात मोठा पेला येतो.

रेस्टॉरंट निवडतानाच निम्मे काम होते. स्मारकाकडे तोंड करून मांडलेली टेबले, बाहेर उभा राहून पाच भाषांत हाका मारणारा माणूस, आणि पदार्थांची फिकट झालेली छायाचित्रे असलेला फलक हे तिन्ही एकत्र दिसले की मी मंडळींना घेऊन दोन-तीन गल्ल्या आत जातो. दरपत्रक प्रवेशद्वाराशी लावलेले नसेल तर आत शिरूच नये. असेल तर त्याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे, आणि आत बसल्यावर मिळालेल्या कार्डाशी दोन-तीन किमती पडताळून पाहाव्यात. बाहेर एक आणि आत एक असे दोन दर मी पाहिलेले आहेत. नकाशाच्या ॲपवरची सरासरी तारांकित गुणवत्ता मला फारशी उपयोगी वाटत नाही, कारण ती फुगवता येते. त्याऐवजी गेल्या दोन-तीन महिन्यांतले एका ताऱ्याचे अभिप्राय वाचावेत. तिथे जेवण बेचव होते, वेळ लागला अशा तक्रारी असतील तर काळजी नाही. पण बिल, वजन, कोपेर्तो, टीप असे शब्द वारंवार येत असतील तर ते ठिकाण सोडून द्यावे.

इटलीतल्या कॉफीबद्दल थोडक्यात. काउंटरशी उभे राहून प्यायलेली एस्प्रेसो आणि टेबलावर बसून प्यायलेली तीच एस्प्रेसो यांच्या किमतीत मोठा फरक असतो आणि तो कायदेशीर असतो. दरपत्रकावर 'बांको' म्हणजे काउंटर आणि 'ताव्होलो' म्हणजे टेबल असे दोन रकाने असतात. व्हेनिसच्या सान मार्को चौकातल्या जुन्या कॅफेंमध्ये वाद्यवृंद वाजत असेल तर संगीताची आकारणीही माणशी जोडली जाते, आणि तसे कार्डावर छापलेले असते. आयुष्यात एकदा त्या चौकात सूर्यास्त पाहत बसायचे असेल तर अवश्य बसावे, ते पैसे वाया जात नाहीत. फक्त आपण सहाजण आहोत हे लक्षात ठेवून आधी गुणाकार करावा.

आपल्या मनातली धास्ती ज्या प्रकरणांमुळे आहे ती खोटी नाहीत. २००९ साली रोममध्ये एका जपानी जोडप्याला एका जेवणाचे ६९५ युरो लावले गेले, त्यांत ११५ युरोंहून अधिक रक्कम टीप म्हणून परस्पर धरलेली होती. ते रेस्टॉरंट प्रशासनाने बंद केले. २०१८ साली व्हेनिसमध्ये चार जपानी विद्यार्थ्यांना चार स्टेक, एक तळलेल्या मासळीची थाळी आणि पाणी यांसाठी १,१४३ युरो भरावे लागले आणि महापौर लुईजी ब्रुन्यारो यांनी त्याची दखल घेऊन कारवाईचे आश्वासन दिले. २०१९ साली पुन्हा रोममध्येच दोन पर्यटकांना मासळीच्या स्पॅगेटीच्या दोन थाळ्या आणि पाणी यांचे टीपसह जवळपास ४३० युरो लागले, त्यातले ८० टीपचे. या प्रकरणांत बिल वाढवणाऱ्या गोष्टी मला त्याच त्या दिसतात: मासळी किंवा मांस, आधी न ठरलेली किंमत, आणि दोन प्रकरणांत तर ग्राहकाच्या वतीने परस्पर लिहिलेली टीप. ही साखळी पहिल्याच कडीशी तोडता येते, आणि म्हणूनच आपण घाबरून जाऊ नये.

सिंगापूरमध्ये फसवणुकीपेक्षा हिशेबाची पद्धत समजून घेणे अधिक महत्त्वाचे. मेन्यूवर किमतीपुढे दोन अधिकचिन्हे दिसली की १० टक्के सेवाशुल्क आणि त्यावर ९ टक्के जीएसटी वेगळा लागतो. १०० डॉलरचे जेवण ११९.९० डॉलरला पडते. आपल्याकडे सक्तीचे सेवाशुल्क घेता येत नाही, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरल्या, हे खरे. पण त्या आधारावर सिंगापूरच्या व्यवस्थापकाशी वाद घालणारे मराठी गृहस्थ मला भेटले आहेत, आणि त्यांना समजावणे मला फार अवघड गेले. तिथल्या चिनी रेस्टॉरंटांत टेबलावर ठेवलेले शेंगदाणे आणि ओले रुमाल यांचेही पैसे लागतात. नको असल्यास लगेच परत करावेत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याचे अनेक स्टॉल एकत्र असलेल्या ठिकाणी, यातले काहीच नसते आणि शाकाहारी दक्षिण भारतीय स्टॉलही मिळतात. बँकॉकमध्ये मोठ्या रेस्टॉरंटांत १० टक्के सेवाशुल्क आणि ७ टक्के कर वेगळा असू शकतो. तिथे टुकटुकवाला स्वतःहून 'चांगल्या सीफूड रेस्टॉरंट'कडे नेऊ लागला तर उतरून जावे, कारण त्याचे कमिशन आपल्या बिलातून निघते. अडचण आल्यास पर्यटन पोलिसांचा क्रमांक ११५५ आहे.

रस्त्यावर ओळख काढून बारमध्ये किंवा चहासमारंभाला नेणाऱ्या अनोळखी माणसांचा प्रकार शांघाय, बीजिंग, इस्तंबूल, बुडापेस्ट इथे फार जुना आहे. नातवंडांसह फिरणाऱ्या कुटुंबाला तो सहसा भोगावा लागत नाही, पण जावई संध्याकाळी एकटे बाहेर पडणार असतील तर त्यांच्या कानावर घालावे: ठिकाण नेहमी आपण निवडावे, नव्या मित्राने निवडलेल्या ठिकाणी बसू नये.

पैसे देण्याच्या वेळी दोन ठिकाणी लक्ष ठेवावे. कार्डयंत्रावर 'रुपये की युरो' असा पर्याय आला तर नेहमी युरो, म्हणजे त्या देशाचे चलन, निवडावे. रुपये निवडल्यास विनिमयाचा दर यंत्रामागची कंपनी ठरवते आणि तो बँकेच्या दरापेक्षा बहुधा बराच महाग असतो. आपल्या बँकेचे परकीय चलनशुल्क, साधारण दोन ते साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, ते तर आहेच. ते कमी करायचे असेल तर फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकीय चलन भरून ठेवलेले कार्ड, घ्यावे. वेटरने न विचारता रुपये निवडले तर व्यवहार रद्द करायला सांगून पुन्हा करायला लावावा. कार्ड नजरेआड जाऊ देऊ नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डे परदेशातील वापरासाठी मुळात बंदच येतात. ती निघण्यापूर्वी बँकेच्या ॲपवरून सुरू करावीत आणि त्याच जागी दिवसाची मर्यादाही घालावी. दोनशे युरोची मर्यादा असलेल्या कार्डावर हजार युरोचे बिल वसूल होऊच शकत नाही. रोख देताना पन्नासची नोट 'फिफ्टी' असे मोठ्याने म्हणून हातात द्यावी आणि परत आलेले पैसे टेबलावरच मोजावेत.

एवढे करूनही बिल चुकीचे आले तर आवाज चढवू नये. तपशीलवार बिल मागावे, त्यातली प्रत्येक ओळ आपण काढलेल्या मेन्यूच्या छायाचित्राशी जुळवावी, 'वारिए' म्हणजे संकीर्ण अशा ओळीचा अर्थ विचारावा, आणि नेमक्या त्या ओळीवर बोट ठेवून ती काढायला सांगावे. माझ्या अनुभवात पुष्कळशा चुका इथेच दुरुस्त होतात. व्यवस्थापक ऐकत नसेल तर पोलिसांना बोलवण्याची तयारी शांतपणे दाखवावी. युरोपभर ११२ हा क्रमांक चालतो, आणि इटलीत करचुकवेगिरी व पावतीच्या बाबतीत गुआर्दिया दी फिनान्झा या दलाचा ११७ हा क्रमांक आहे. त्याच्या नुसत्या उल्लेखाने मालकाचा सूर बदललेला मी पाहिला आहे. पैसे न देता उठून जाऊ नये, त्याने आपलीच बाजू कायद्यात कमजोर होते. आणि समोरचे लोक दांडगाई करू लागले, दाराशी उभे राहिले, तर वाद सोडून कार्डाने पैसे द्यावेत, पावतीवर 'मान्य नाही' असे लिहावे, बाहेर पडल्यावर पोलिसांत तक्रार नोंदवावी आणि बँकेला त्याच दिवशी ईमेल करावा. पिन टाकून आपण स्वतः केलेल्या व्यवहाराचे पैसे बँक सहजासहजी परत मिळवून देत नाही. त्या वेळी मेन्यूचे छायाचित्र, वेटरने वहीत लिहिलेला आकडा, तपशीलवार बिल आणि तक्रारीची प्रत एवढाच पुरावा उपयोगी पडतो. म्हणून ही सगळी कागदपत्रे नाशिकला परतल्यावरही कार्डाचे पुढचे विवरणपत्र येऊन रक्कम जुळेपर्यंत फेकू नयेत. शक्य असल्यास निघण्यापूर्वी मला आपल्या मुक्कामांची यादी पाठवावी. शाकाहारी जेवण रास्त दरात मिळणारी, दोन गल्ल्या आतली काही ठिकाणे मी आपल्याला सुचवीन.